पटावरची बत्तिसावी

बसमध्ये मुलं एकतीस होती आणि नागेश टेकाळेनं मोजली बत्तीस.

सकाळचे सव्वासहा वाजले होते. अमिरातीत, अल ऐन शहराच्या अलीकडे, खजुराचे मळे आणि वाळूच्या टेकड्या यांच्यामधून जाणाऱ्या रस्त्यावर शाळेची पिवळी बस पेट्रोल पंपापाशी थांबली होती. शाळा लहानशा गावातली, भारतीय अभ्यासक्रमाची. आसपास चार छोटी गावं, त्यांत विखुरलेली आपली माणसं. कुणी उंटांच्या दवाखान्यात कंपाउंडर, कुणी गॅरेजचा फोरमन, कुणी किराणा दुकानवाला. त्यांची मुलं पन्नास-पन्नास किलोमीटरवरून गोळा करून आणायची, हे नागेशचं काम. हुद्दा मोठा होता, ट्रान्सपोर्ट इनचार्ज. काम सोपं होतं, मुलं मोजायची.

"नागेशभाई, फिर एक ज्यादा?" ड्रायव्हर याकूबनं आरशातून विचारलं. याकूब पेशावरकडचा, सहा फुटी, मनानं मऊ.

"नहीं, बराबर है. यल्ला, चलो."

याकूबनं गिअर टाकला. वर्षभर हेच चाललं होतं. नागेश पुढून मागे मोजत जायचा, बत्तीस भरायचे. मागून पुढे मोजत यायचा, एकतीस व्हायचे. शाळेच्या आवारात सगळी मुलं उतरली की नियमाप्रमाणे त्याला शेवटच्या सीटपर्यंत चालत जावं लागे. झोपलेलं पोर उन्हात बसमध्ये राहू नये म्हणून तिथं मागे एक बटण असतं. ते दाबल्याशिवाय गाडी बंद केली तर भोंगा वाजतो. नागेश रोज ते बटण दाबायचा, आणि रोज त्याच्या आधी खिडकीकडची शेवटची सीट बघायचा. तिथं चारेक वर्षांची मुलगी बसलेली असायची. तेलानं चप्प बसवलेले केस, दोन लाल रिबिनी, जमिनीला न टेकणारे पाय. तो जवळ गेला की सीट रिकामी असायची. खोबरेल तेलाचा वास मात्र थोडा वेळ राहायचा.

भूतबित मानणाऱ्यातला नागेश नव्हता. आठ वर्षं त्यानं मुलांना विज्ञान शिकवलं होतं. पण ही मुलगी कोण, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. शिवकन्या गणू मिसाळ, इयत्ता पहिली, हजेरी क्रमांक वीस.

चौदा वर्षांपूर्वी नागेश मराठवाड्यातल्या डोंगराकडेच्या एका वस्तीवर मास्तर होता. चिंचटाकळी केंद्रातली ती सगळ्यांत लहान शाळा. केंद्रात अशा अकरा शाळा, आणि सातवीनंतर सगळ्यांना हायस्कूल एकच, गव्हाळीच्या बाजारपेठेत, वस्तीपासून सात किलोमीटर. त्या वर्षी बातमी पसरली की वीसच्या आत पट असलेल्या शाळा बंद करणार. नागेशच्या पटावर होती एकोणीस. शाळा गेली की मुलं घरी बसणार, मुली तर नक्कीच, आणि नागेशची बदली कुठं होणार ते देव जाणे. म्हणून त्यानं केलं ते, जे आजूबाजूचे सगळेच मास्तर करत होते. वस्तीवर फिरून चार-साडेचार वर्षांची लेकरं गोळा केली, जन्मतारीख लिहिली एक जून, वय लिहिलं सहा पूर्ण. शिवकन्या तेव्हा साडेचार वर्षांची होती. दोन वर्षांनी पट पुन्हा घसरला, तेव्हा तिची धाकटी बहीण मुक्ता आली. ती चारचीही नव्हती.

एक जून ही आपल्याकडची मोठी गमतीची तारीख आहे. शाळा जूनमध्ये सुरू होणार, तोवर सहा वर्षं पुरी झालेली हवीत, मग मास्तरानं लेखणी उचलली की महाराष्ट्रातली अर्धी पोरं एक जूनला जन्मतात. तीच तारीख पुढं आधारवर जाते, पासपोर्टवर जाते. दुबईतल्या मुहैस्नाहच्या एका लेबर कॅम्पात, जिथं आपल्याकडची पुष्कळ माणसं राहतात, तिथला मॅनेजर एकदा चक्रावून गेला होता. एकाच ब्लॉकमधल्या सत्तावीस जणांचे वाढदिवस एका दिवशी! कंप्युटर बिघडला असं त्याला वाटलं. मग त्यानं एकच मोठा केक मागवला आणि सगळ्यांनी मिळून तो कापला. नागेशलाही त्या दिवशी बोलावलं होतं. तो पोट धरून हसला होता. तेव्हा शिवकन्या जिवंत होती.

दोन वर्षांपूर्वी कागदावर अठरा पुरी होताच तिचं लग्न झालं. खरं वय साडेसोळा. अकरा महिन्यांनी ती बाळंतपणात गेली, बाळ राहिलं. ही बातमी नागेशला फोनवर कळली. दुसऱ्या दिवसापासून बसमध्ये एक मूल जास्त भरू लागलं.

*

महिन्यातून एका रविवारी नागेश मुहैस्नाहला जायचा. माणसांचे अर्ज भरून द्यायचे, बँकेची पत्रं वाचून दाखवायची, असली कामं. नोकरी सुटून दहा वर्षं झाली तरी तिथं सगळे त्याला गुरुजीच म्हणत. मे महिन्यातल्या त्या रविवारी तो खोलीत शिरतो न शिरतो तोच गणू मिसाळनं त्याच्या तोंडात पेढा कोंबला.

गणू, म्हणजे शिवकन्या आणि मुक्ताचा बाप. नागेशच्याच वयाचा, पण उन्हात लोखंडाच्या सळ्या बांधून बांधून साठीचा दिसणारा.

"आपली मुक्ता बारावी पास झाली, गुरुजी! बासट टक्के! कव्हा बी बघा वर्गात सगळ्यांत बारकी, पर अभ्यासाला लई चिकट."

"वा! मग पुढं काय?" नागेशला मनापासून आनंद झाला होता.

गणू खाटेवर टेकला. उशाशी शिवकन्येचा फोटो होता, लग्नातला. मुंडावळ्या बांधलेलं इतकंसं तोंड.

"पुढं म्हंजे... नर्सिंगचं म्हणत हुती. पर गुरुजी, शिवकन्येचं लेकरू हाय ना तिकडं. वरसाचं झालं. आजी त्याची थकली. जावई दुसरी करणारच, तरणा माणूस हाय. परकी आली तर माझ्या नातवाचे हाल करंल. तवा सोयऱ्यांनी म्हणलं, मुक्तालाच द्या. मावशीची माया येगळी. चार जूनची तारीख धरली."

नागेशच्या तोंडातला पेढा तसाच राहिला. मोठी मेली म्हणून तिच्या जागी धाकटी उभी करायची, ही रीत त्यानं लहानपणापासून पाहिली होती. लोक तिला माया म्हणतात. त्या घरात भांडी तीच, उंबरा तोच, नवराही तोच, फक्त नाव बदलायचं. इतक्या सहज तर हजेरीतलं नावसुद्धा बदलत नाहीत.

"मुक्ताला विचारलंस का?"

"तिला काय इचारायचं? लेकरू मांडीवर दिलं की कळंल तिला." गणू पुढं सरकला. "आन कायद्यात बसवूनच करायलोय, गुरुजी. एक जूनला अठरा पुरी. पर अंगणवाडीची बाई आडवी आली. शाळेतल्या नव्या मॅडम उतारा देईनात. म्हणत्यात, पोरगी लहान दिसती. तुमी एक फोन लावा त्यांना. तुमच्याच हातचं अक्षर हाय म्हणावं त्या रजिस्टरात."

"बघतो," नागेश म्हणाला.

आपल्याकडे बघतो म्हटलं की काहीही न बघता सुटता येतं. नागेशही तसाच सुटला. तीन अर्ज भरले, चहा घेतला आणि परतीची बस धरली. खिडकीबाहेर पांढरं ऊन होतं. त्याच्या शेजारची सीट सबंध दीड तास रिकामी होती, आणि त्यानं एकदाही तिकडं पाहिलं नाही.

*

"तू फोन करू नकोस, आणि दुसरंही काही करू नकोस," ममता म्हणाली.

ममता नागेशची बायको, त्याच शाळेत हिंदी शिकवायची. सोमवारी शाळेतून आल्यावर ती कणीक मळत होती आणि नागेश ओट्याला टेकून उभा होता. सगळं ऐकून घेतल्यावर तिनं पहिलं वाक्य हेच टाकलं.

"म्हणजे त्या पोरीचं लग्न होऊ द्यायचं?"

"मी तसं नाही म्हटलं. हेल्पलाइन आहे, ती अंगणवाडीची बाई आहे, नव्या मॅडम आहेत. त्यांना करू दे ना."

"त्यांच्या हातात कागद काय आहे, ममता? माझा. माझा कागद म्हणतो ती अठराची आहे. तो खोटा आहे हे सांगणारा मी एकटा आहे."

"आणि सांगितलंस तर? सरकारी रजिस्टरमध्ये खोटी नोंद केली असं स्वतःच्या सहीनं लिहून द्यायचं? उद्या केस झाली, पोलीस क्लिअरन्स अडकला, व्हिसाचं रिन्युअल अडकलं, तर प्रज्ञाचं काय?" तिचा आवाज चढला आणि मग एकदम उतरला. "सगळे गुरुजी करत होते रे. तू एकट्यानं थोडंच केलंस?"

ममता वाईट बाई नव्हती. तिला आपलं घर दिसत होतं, आणि घर दिसणं हा गुन्हा नाही. पण वर्षभर नागेश स्वतःला हेच वाक्य सांगत आला होता. सगळेच करत होते.

तेवढ्यात त्यांची लेक प्रज्ञा आतून आली. आठवीतली, उंचाडी, केस मोकळे. तिला पुढच्या महिन्यात चौदावं लागणार होतं.

"बाबा, माय बर्थडे फॉल्स ऑन अ स्कूल डे. कॅन वी डू इट ऑन द वीकेंड?"

"करू या की," नागेश म्हणाला.

"बट द रिअल डेट इज द रिअल डेट, ना? सो केक ऑन द रिअल डेट ऑल्सो."

ती फ्रीजमधून पाणी घेऊन गेली. तिच्या जन्माची तारीख, वेळ, वजन, सगळं तीन ठिकाणी शिक्के मारून घेऊन ते या देशात आले होते. शाळेच्या ऑफिसात तिचा जन्मदाखला उजेडात धरून तपासला होता. आणि इकडं दोन पोरींची वयं त्यानं शाळेच्या ओट्यावर बसून, निळ्या शाईनं, चहा पीत पीत वाढवली होती. नागेशला स्वतःची शरम वाटली.

बुधवारी दुपारी, मुलांना घरी सोडायची वेळ व्हायच्या आधी, त्याच्या फोनवर अनोळखी नंबरवरून आवाजाचा संदेश आला. बसमध्ये चढून त्यानं दार लावून घेतलं आणि ऐकला.

"गुरुजी, मी मुक्ता मिसाळ. तुमचा नंबर बाबांच्या वहीत होता. मला तुम्ही आठवत नाहीत, मी लई लहान होते. पर आई सांगती, तुम्ही मला कडेवर घेऊन शाळेत नेलं होतं." मागे कुठंतरी मूल रडत होतं. "गुरुजी, मला एकच विचारायचंय. आई म्हणती मला सोळावं पण सरलं नाही. बाबा म्हणतात आईला काय कळतंय, गुरुजींचा कागद खरा. तर तुम्ही सांगा. मी किती वर्षांची आहे? मला दाजींच्या घरी नाही जायचं. ताईच्या साड्या काढून ठेवल्यात माझ्यासाठी. त्याच. मला त्या साड्यांची लई भीती वाटती."

संदेश संपला. नागेशनं मान वर केली. शेवटच्या सीटवर ती बसली होती. या वेळी तो जागचा हलला नाही आणि तीही नाहीशी झाली नाही. जणू तिलाही उत्तर ऐकायचं होतं.

*

पुढच्या रविवारी तो ठरलेला नसताना मुहैस्नाहला गेला. गणू सामान भरत होता. लग्नासाठी त्याला रजा मिळाली होती, शनिवारचं विमान होतं. बॅगेत दुधाच्या पावडरीचे डबे होते, एक लोकरी ब्लँकेट, नातवासाठी चावीचा उंट आणि जावयासाठी घड्याळ. खोलीतले बाकीचे जेवणाच्या हॉलमध्ये गेले होते.

"या गुरुजी! फोन लावलाव का मॅडमला?"

"नाही लावला." नागेशनं उभ्याउभ्याच सांगितलं, बसला असता तर सांगितलं गेलं नसतं. "गणू, मुक्ता अठराची नाही. मी तिचं वय दोन वर्षांनी वाढवून लिहिलं होतं. तिला अजून सोळा पुरी नाहीत."

गणूनं हातातलं घड्याळ खाली ठेवलं.

"आसं कसं? रजिस्टरात..."

"रजिस्टर मीच लिहिलं. खोटं लिहिलं. शाळा वाचावी म्हणून. शिवकन्येचंही तसंच लिहिलं."

गणू बोटं मोजू लागला. डाव्या हाताची बोटं उजव्या अंगठ्यानं एकेक दाबत, ओठ हलवत. नागेशला ते बघवेना.

"मंग ती गेली तवा..."

"साडेसतरा."

"एकोणीस नव्हती?"

"नव्हती."

गणू खाटेवर बसला. आवाज चढवला असता तर बरं झालं असतं, पण तो हळूच बोलू लागला.

"दवाखान्यातून डाक्टरीणबाईचा फोन हुता मला. इथं साइटवर. त्या म्हणल्या, पोरगी लहान हाय, शरीर तयार नाही, का केलं लगीन? म्या भांडलो त्यांच्याशी. म्या म्हणलं, बाई, एकोणीस वरसाची हाय ती, कागद बघा, आमच्या गुरुजीनं लिवलेला कागद हाय. खलास, त्या गप बसल्या. सांच्याला पोरगी गेली." त्यानं मान वर केली. "गुरुजी, तुमी मला इचारलं हुतं. शाळेच्या ओट्यावर. म्हणलाव, गणू, वय जरा वाढवतो. म्या म्हणलं, लिवा. म्या अडाणी माणूस, म्या इसरलो. तुमी कसं इसरलाव?"

"मी विसरलो नव्हतो," नागेश म्हणाला.

त्या खोलीत त्याहून खरं वाक्य कधी कुणी बोललं नसेल. लग्नाची बातमी दोन वर्षांपूर्वी नागेशला कळली होती, निमंत्रणाचा फोटोही आला होता. पोरगी साडेसोळाची आहे हे त्याला माहीत होतं. त्यानं फोनवर अंगठ्याचं चिन्ह टाकून अभिनंदन पाठवलं होतं.

"मी उद्या वकिलातीत जाऊन हे सगळं लिहून देणार आहे, गणू. तुझी संमती असो वा नसो. शाळेत, तालुक्याला, सगळीकडे पाठवणार."

"लिवा," गणू म्हणाला. "तुमचं लिवणंच आमच्या घराला लागलंय. जावा आता तुमी."

*

सोमवारी नागेशनं रजा टाकली. शपथपत्र साध्या मराठीत लिहिलं. मी, नागेश टेकाळे, तत्कालीन सहशिक्षक, अमुक रजिस्टरमधल्या नोंदी जाणूनबुजून चुकीच्या केल्या. खाली सही केली. वकिलातीच्या रांगेत त्याच्या मागे ममता उभी होती. तिनंही रजा टाकली होती. बसमध्ये सबंध वाटभर ती त्याच्याशी एक शब्द बोलली नव्हती, पण आली होती.

मग त्यानं शपथपत्राचा फोटो पाठवला आणि वस्तीवरच्या शाळेत फोन लावला. नव्या मॅडमचं नाव सुजाता. सुट्टी असूनही ती कागदपत्रांच्या कामासाठी शाळेत आली होती.

"सर, शपथपत्र मिळालं. पण ते लोक म्हणतील, दहा वर्षांनी दुबईहून कुणीतरी काहीतरी लिहून पाठवलं. जुना पुरावा काही आहे का?"

नागेशनं आठवून सांगितलं.

"लोखंडी कपाटाच्या खालच्या कप्प्यात जुन्या हजेऱ्या असतील. माझ्या वर्षांच्या हजेऱ्यांचं शेवटचं पान उघडा. मी पेन्सिलीनं खरी वयं लिहून ठेवायचो. लहान पोरांवर उगाच ओरडू नये म्हणून, माझ्या आठवणीसाठी."

कपाटाचं दार करकरल्याचं फोनवर ऐकू आलं. कागद उलटल्याचा आवाज, एकदा शिंक. मग सुजाता वाचू लागली, आणि वाचता वाचता तिचा आवाज बदलला.

"कोपरा उंदरांनी खाल्लाय, पण दिसतंय सर. 'मुक्ता. पोळ्याच्या आदल्या दिवशीचा जन्म. तीन वर्षं दहा महिने. दुपारी झोपते, उठवू नये.' आणि दोन वर्षं आधीच्या हजेरीत, 'शिवकन्या. लक्ष्मीपूजनाच्या दुसऱ्या दिवशीची. साडेचार. ळ उलटा काढते. हसते छान.'"

नागेश रडला. त्या वस्तीवर आठ वर्षांत आणि या देशात दहा वर्षांत तो रडला नव्हता. आता रस्त्याच्या कडेला, भर उन्हात, ममताचा हात धरून रडला. शाई खोटं बोलली होती आणि पेन्सिलीला सगळं माहीत होतं. दोन्ही अक्षरं त्याचीच होती.

"सर," सुजाता म्हणाली, "या पानांवर अशी सतरा नावं आहेत. त्यात मुली अकरा."

*

त्यानंतरचे दिवस फार वाईट गेले. गणूचं विमान शनिवारी गेलं. जाताना त्यानं फोन उचलला नाही. एक जून आला. कॅम्पात केक कापला गेला, पण नागेश गेला नाही. चार जून उजाडला आणि मावळला, कुणाचाही फोन नाही. नागेशला वाटलं, कागद पोचले, शिक्के पोचले, आणि तरी लग्न लागलं असणार. तिकडे कागद तालुक्याला पोचेपर्यंत इकडे अक्षता पडून जातात, हे त्याला काय नवीन होतं?

पाच जूनला पहाटे पाचला, पहिल्या थांब्याकडे जाताना, बसमध्येच फोन वाजला. गणूची बायको तानुबाई बोलत होती.

"गुरुजी, मोडलं लगीन."

नागेशनं पुढच्या सीटचा दांडा घट्ट धरला. "कुणी मोडलं? पोलीस आले?"

"मॅडम आल्या, गिरामसेवक आला. त्येंच्या आदुगरच यांनी मोडलं. इमानातनं उतरलं ते घरला न्हाई आलं, थेट सोयऱ्याच्या दारात गेलं. म्हणलं, माझी मोठी पोरगी म्या वय न बघता दिली, धाकटी देत न्हाई. लई शिव्या खाल्ल्या. मांडवाचं सामान येऊन पडलं हुतं. पुरं गाव म्हणतंय गणूनं सोयऱ्याची आब्रू घालीवली. आन नातवाला घेऊन आलं. म्हणलं, ह्याला त्याची आजी सांभाळंल, म्हंजे मी. आता हितं झोळीत झोपलंय. मुक्ता झोका देती आन पुस्तक वाचती."

"गणूला द्या ना फोन."

पलीकडे कुजबुज झाली.

"ते न्हाई बोलत, गुरुजी. म्हणत्यात, गुरुजीला सांग, राग गेला न्हाई. जाणार बी न्हाई." मग तिनं स्वतःचं म्हणून सांगितलं, "माझा बी न्हाई गेला. मी तवाच म्हणत हुते, पोरगी लहान हाय. आईचं कुणी ऐकलं न्हाई, तुमच्या कागदाचं ऐकलं. पर तुमी खरं सांगितलं, म्हून उशिरा का हुईना, फोन केला."

तिनं फोन ठेवला. नागेशनं क्षमा मागितली नाही, कारण ती मागायला तोंडच नव्हतं. तालुक्याहून त्याला आदल्या दिवशीच चौकशीची नोटीस मेलवर आली होती. पुढं काय होईल ते होईल. त्या फोनपाठोपाठ सुजाताचाही निरोप आला. अकरातली एक गेली, एक वाचली. उरलेल्या नऊ जणींपैकी चौघींची लग्नं याच तारखेच्या जोरावर आधीच झाली होती. पाच राहिल्या होत्या. एकीचं गव्हाळीला बोलणं चाललं होतं.

आणि हे झालं एका वस्तीवरच्या एका मास्तराचं. त्या केंद्रात शाळा अकरा होत्या. तालुक्यात केंद्रं किती, जिल्ह्यात तालुके किती, हे वाचणाऱ्यानंच मोजावं. जमल्यास आपल्या घरातल्या, आपल्या भावकीतल्या, आपल्याकडे भांडी घासायला येणाऱ्या पोरीचा कागद काढून बघावा, आणि त्यावर एक जून दिसला तर तिच्या आईला विचारावं, हिचा जन्म खरा कधीचा.

एकेक थांबा घेत बस भरली. नागेश पुढून मागे मोजत गेला. शेवटच्या सीटपाशी थांबला.

"कितने हुए, नागेशभाई?" याकूबनं विचारलं.

"बत्तीस," नागेश म्हणाला.

याकूबनं आरशात त्याच्याकडे पाहिलं. मग गाडी सुरू केली.

शाळेच्या आवारात मुलं उतरली. नागेश मागे चालत गेला, प्रत्येक सीट बघत. लाल रिबिनी तिथंच होत्या. त्यानं नोंदवही उघडली आणि चौदा वर्षांपूर्वी ज्या आवाजात तो हजेरी घ्यायचा, त्या आवाजात म्हणाला, "शिवकन्या गणू मिसाळ. लक्ष्मीपूजनाच्या दुसऱ्या दिवशीची. वय, साडेचार."

उत्तर आलं नाही. मग बटण दाबलं आणि वहीचं शेवटचं पान काढून, खिशातल्या पेनानं, राहिलेल्या पाच मुलींची नावं लिहायला बसला.